नुसतं फिरून यायला



आजचं बोलणं सायकलीवर आहे. पण शाळेच्या सायकलीवर नाही आणि दुधाच्या किटल्या अडकवलेल्या सायकलीवरही नाही. सायकलवर बसायचं, नदीच्या नाहीतर तळ्याच्या काठानं सपाट रस्ता धरायचा, घाई न करता हिंडायचं, वाटेत थांबून पाखरं बघायची, कुठंतरी चहा प्यायचा आणि दिवस मावळायच्या आत घरी यायचं. एवढंच. जगात कितीतरी ठिकाणी बाया सुट्टीच्या दिवशी हे करतात. आपल्या आष्टी तालुक्यात हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "कशासाठी?" या प्रश्नाच्या मागं बराच इतिहास आहे. तो आम्ही गोळा केला, तो आज सांगतो.

सायकलीचा जन्म दुष्काळाशी जोडला जातो, हे आम्हाला वाचून नवल वाटलं. १८१५ साली इंडोनेशियात तंबोरा नावाच्या ज्वालामुखीचा फार मोठा स्फोट झाला. त्यानं आभाळ असं झाकोळलं की १८१६ साली युरोपात उन्हाळाच आला नाही. पिकं गेली, घोड्यांचा दाणा महाग झाला. चारा छावणीत जनावरं बांधून राहिलेल्या बायांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. पुढच्याच वर्षी, १२ जून १८१७ रोजी, जर्मनीत कार्ल फॉन ड्राईस नावाच्या माणसानं दोन चाकांची लाकडी गाडी बाहेर काढली. तिला पायडल नव्हतं. वर बसायचं आणि पायानं जमीन रेटत पळायचं. घोडे परवडेनात म्हणून ही गाडी निघाली असं काही इतिहासकार म्हणतात, काहींना ते पटत नाही. पण ती पहिली फेरी कुठं झाली ते पक्कं माहीत आहे. मानहाइम शहरातून, ऱ्हाइन नदीच्या सपाट खोऱ्यातल्या रस्त्यानं. तासाभराच्या आत हा गडी जाऊन परत आला. म्हणजे जगातली पहिली सायकलफेरी नदीकाठच्या सपाटीवरच झाली.

पुढं पायडल आलं, मग पुढचं चाक माणसाएवढं उंच झालं, मग १८८५ च्या सुमारास दोन्ही चाकं सारखी आणि मधे साखळी अशी आजची सायकल झाली. १८८८ साली डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरनं आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेली रबरी नळी बसवली आणि बसणाऱ्याची हाडं खिळखिळी व्हायची थांबली. इंग्लंडमध्ये तर १८७८ सालीच सायकलवरून हिंडणाऱ्यांची मोठी संघटना निघाली होती. अर्थात ती खात्यापित्या लोकांची हौस होती.

बाया सायकलवर बसायला लागल्या तेव्हा तिकडं भांडण पेटलं ते कपड्यांवरून. घोळदार झगा साखळीत अडकायचा, म्हणून बायांनी सैल विजारी घातल्या, आणि त्यावरून वर्तमानपत्रांत थट्टा आणि चर्चमधून ओरड. १८९४ साली ॲनी लंडनडेरी ही तीन लेकरांची आई अमेरिकेतल्या बोस्टनहून सायकल घेऊन जगाच्या फेरीला निघाली. तीही झगा घालून निघाली आणि वाटेत तो टाकून विजारीवर आली. हे गटात वाचलं तेव्हा आमच्यातल्या एका वयस्कर आत्यांनी शांतपणे विचारलं की त्यांना कासोटा माहीत नव्हता का. बरोबर आहे. नऊवारी नेसून बाई घोड्यावर बसू शकते, झाडावर चढू शकते, तर सायकल काय मोठी गोष्ट. आपल्याकडं अडचण आली ती नंतर, सहावारी आल्यावर. आणि खरं सांगायचं तर कपड्यांची अडचण आपल्याकडं कधी मोठी नव्हतीच. अडचण दुसरीच होती.

त्याआधी मुंबईच्या पोरांचं सांगितलं पाहिजे. १९२३ साली मुंबईतले सहा पारशी तरुण सायकलवर जगाच्या फेरीला निघाले. त्यातल्या तिघांनी, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा यांनी, फेरी पुरी केली आणि १९२८ साली ते परत आले. वाळवंट, बर्फ, जंगल, सगळं सायकलवर. त्यांच्या पुस्तकाला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे. आणि आपल्याच काळातली पुण्याची वेदांगी कुलकर्णी. तिनं २०१८ साली विशीच्या उंबरठ्यावर एकटीनं सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून जगाची फेरी पूर्ण केली. अशा माणसांचं कौतुक आहेच. पण आमचा विषय पराक्रमाचा नाही. दहा-पंधरा किलोमीटर जाऊन यायचं, एवढ्यासाठी बाईला किती वर्षं लागली, हा आहे.

आता आपल्या भागाकडं येऊ. आष्टी म्हटलं की पुस्तकात १८१८ ची लढाई सापडते, बापू गोखले जिथं पडले ती. ती सोलापूर जिल्ह्यातली आष्टी. बेचाळीसच्या चळवळीतली आष्टी ती वर्धा जिल्ह्यातली. बीडची आष्टी इतिहासाच्या पुस्तकात शोधावी लागते. पण आपल्या तालुक्याच्या कडेनं सीना वाहते आणि ही नदी साधी नाही. १९४८ पर्यंत ती दोन राज्यांमधली हद्द होती. पलीकडं नगर जिल्हा इंग्रजांचा, अलीकडं आपण निजामाचे. आपल्या बाजूला लोक मोगलाई म्हणायचे. नदी ओलांडली की कायदा वेगळा, नाणं वेगळं. आपल्याकडं हाली शिक्का चालायचा आणि माल न्यायचा-आणायचा तर करोडगिरीच्या नाक्यावर जकात. १७ सप्टेंबर १९४८ ला ती हद्द गेली. आज सीनेच्या पुलावरून ऊस भरलेले ट्रॅक्टर जातात आणि कोणी कोणाला थांबवत नाही.

हद्द गेली, रस्ते आले, आणि रस्त्यांबरोबर सायकली आल्या. पोस्टमन, मास्तर, तलाठी, दूधवाले. तालुक्याच्या गावाला तासावर भाड्यानं सायकल देणारी दुकानं निघाली. पोरं नळीखालून एक पाय घालून कैची मारत शिकायची. पोरी कडेला उभ्या राहून बघायच्या.

घरात सायकल यायची ती मात्र बाईच्या खात्यावर. साठ-सत्तर सालातल्या लग्नाच्या याद्या आठवा, नाहीतर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. घड्याळ, सायकल, रेडिओ. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला तरी याद्या चालूच राहिल्या. नवरीच्या बापानं कर्ज काढून, एखादं जनावर विकून नवरदेवाला सायकल द्यायची. मांडवात ती सायकल फुलांचा हार घालून उभी करायची. आणि जिच्या नावानं ती आली ती पुढची वीस-पंचवीस वर्षं तिच्यावर बसायची फक्त मागं कॅरिअरवर, दोन्ही पाय एका बाजूला सोडून, डोक्यावरचा पदर दातात धरून. तेही माहेरी जायचं असलं, दवाखान्यात जायचं असलं तर. सणाला सायकल पुसायचं, तिला हळदकुंकू लावायचं काम तिचंच. आमच्या एका गटातल्या आजी सांगतात की सायकलीची घंटी कशी वाजते हे त्यांना पहिल्यांदा नातवाच्या सायकलीवर कळलं. माहेरून आलेल्या सायकलीच्या घंटीला त्यांनी कधी हात लावला नव्हता.

रस्त्यांचंही असंच. १९७२ च्या दुष्काळात आपल्या भागात सरकारनं कामं काढली. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. त्या कामांवर खडी फोडायला आणि पाट्या वाहायला कोण होतं? आपल्या आया, सासवा, आत्या. सुकडी खाऊन त्यांनी दिवस काढले. त्यातून पुढं रोजगार हमी योजना आली, १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम देणारा कायदा देशात पहिल्यांदा महाराष्ट्रानं केला, आणि त्याच्यामागं त्या खडी फोडणाऱ्या बायांचे हात आहेत. आज आपण ज्या पाझर तलावाच्या काठावर हिवाळ्यात बगळे आणि बदकं बघतो, ज्या वाटेवरून दुचाक्या धावतात, त्यांतली कितीतरी कामं त्याच काळातली. म्हणजे तळं बाईनं खांदलं, रस्ता बाईनं केला, सायकल बाईच्या बापानं दिली. फक्त त्या तळ्याकाठच्या रस्त्यानं त्या सायकलीवर बसून फिरणं तेवढं बाईच्या वाट्याला आलं नाही. आम्हाला हिशेबाची सवय आहे, वही पुढं ओढली की जमा आणि नावे बघतो. इथं मेळ बसत नाही.

बाई प्रवास करत नाही असं मात्र कोणी म्हणू नये. आपल्या तालुक्यातली बाई फार लांब जाते. दसरा-दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन ट्रॅक्टरवर बसते आणि सांगली, कोल्हापूर, कर्नाटकापर्यंत जाते. पंचगंगेचा, कृष्णेचा हिरवागार काठ तिनं बघितलेला असतो, पण डोक्यावर मोळी घेऊन. कामाशिवायचा प्रवास आपल्याकडं एकच मान्य आहे, तो म्हणजे वारी. पैठणहून निघणारी नाथांची पालखी दर आषाढीला आपल्याच जिल्ह्यातून, पाटोद्यावरून पंढरपूरला जाते. त्यात बाया किती मोकळ्या असतात ते ज्यांनी बघितलंय त्यांना ठाऊक आहे. ठरलेले मुक्काम, ठरलेला विसावा, बेतानं चालणं, वाटेतल्या गावानं दिलेली भाकर. सायकलवरून सावकाश फिरायच्या सहली परदेशात ज्या पद्धतीनं आखतात ती पद्धत बघितली तर यापेक्षा काही वेगळी नाही. देवाचं नाव असलं की 'कशासाठी' असं कोणी विचारत नाही, एवढाच फरक.

'कशासाठी' हा प्रश्न एका जिल्ह्यातल्या बायांनी मोडून काढला, आणि तो जिल्हा आपल्यासारखाच कोरडा, गरीब होता. तमिळनाडूतला पुदुक्कोट्टै. १९९१ साली तिथं साक्षरता मोहीम चालू होती. शीला राणी चुंकत या जिल्हाधिकारी होत्या. गावोगाव शिकवायला जाणाऱ्या कार्यकर्त्या बायांना बसची वाट बघत बसावं लागू नये म्हणून त्यांनी सायकल शिकणं हा मोहिमेचाच भाग केला. बँकांना सांगून बायांना सायकलीसाठी कर्ज मिळवून दिलं. पी. साईनाथ हे पत्रकार तिथं गेले होते, त्यांनी लिहून ठेवलंय की दीड वर्षाच्या आत एक लाखाहून जास्त खेड्यातल्या बाया सायकल शिकल्या. शेतमजूर, दगडखाणीत काम करणाऱ्या, अंगणवाडीतल्या, शिक्षिका, सगळ्या. बायांच्या सायकली दुकानातून संपल्या तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या, आणि बऱ्याच जणींना त्याच आवडल्या, कारण पुढच्या नळीवर लेकराला बसवता येतं.

पुरुषांनी टोमणे मारले, वाईटसाईट बोलले. बाया चालवत राहिल्या. पाण्याच्या घागरी सायकलवर आल्या, बाजाराचा माल सायकलवर गेला, वेळ वाचला. हे फायदे सगळे मोजतात आणि तेवढेच मोजतात. पण मनात आलं तेव्हा, कोणाला न विचारता, कोणी सोडायला येईल याची वाट न बघता निघता येणं, हे त्या बायांना फायद्याहून मोठं वाटत होतं. आमच्या मते साईनाथांच्या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच आहे.

आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमाखाली मागास ठरवलेल्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली देतात. चांगली योजना आहे. मुली शाळेत टिकल्या. पण बारावी झाली की सायकलीचं काय होतं ते आपण सगळ्या बघतो. ती धाकट्या भावाकडं जाते नाहीतर गोठ्याच्या भिंतीला टेकून गंजते. आमच्या काही गटांत मात्र वेगळं घडलं. मुलींनी आयांना शिकवलं. सांजच्याला शाळेच्या मैदानावर, कॅरिअर धरून मुलगी मागं पळते आणि आई ओरडते, सोडू नको गं! सायकल धरून पळणारी आणि पडणारी यांच्या जागा बदलल्या की घरातही बोलणं थोडं बदलतं, हे आमचं निरीक्षण आहे.

फिरायला जागा कुठं, असं कोणी म्हणेल. आष्टीचा उत्तरेकडचा भाग बालाघाटाच्या डोंगराचा, चढउताराचा, तिथं सायकल ढकलावी लागते हे खरं. पण सीनेकडचा भाग सपाट आहे. मेहेकरी, कडा या धरणांचं पाणी आहे. चांगला पाऊस झालेल्या वर्षी हिवाळ्यात या पाण्यावर किती पाखरं उतरतात ते सकाळी सातला जाऊन बघावं. आमच्या एका गटातल्या अकरा जणी मागच्या जानेवारीत एका रविवारी गावाजवळच्या तलावाकडं गेल्या. सहा सायकली, अकरा बाया, आळीपाळीनं. टिटवी, खंड्या, पाणकावळा, राखी बगळा, ही नावं सगळ्यांना येत होतीच. चोचीनं चिखल ढवळणारे पिवळ्या चोचीचे मोठे करकोचे मात्र कोणाला ओळखू येईनात. घरी येऊन मुलीच्या मोबाइलवर बघितलं, ते चित्रबलाक निघाले. जेवायला भाकरी, ठेचा आणि पिठलं. दुपारी दोनला सगळ्या घरी.

जिल्ह्यात आणखी मोठी जागा आहे, ती गोदावरीच्या काठची. आपल्या जिल्ह्याचे लोक फार पूर्वीपासून दोन भाग मानतात, वरचा बालाघाट आणि खालची गंगथडी. गेवराई, माजलगावची काळी, सपाट जमीन ही गंगथडी. १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाला हरवलं ते राक्षसभुवन याच काठावर. वर पैठणला जायकवाडीचं धरण. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हातून पायाभरणी, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हातून उद्घाटन. त्या पाण्याखाली कितीतरी गावं गेली आणि तिथल्या बायांना नव्या जागी नवी चूल मांडावी लागली, हे विसरून त्या पाण्याचं कौतुक करू नये. १९८६ पासून तो जलाशय पक्षी अभयारण्य आहे. धरणाचा उजवा कालवा १३२ किलोमीटर वाहत आपल्या जिल्ह्यातून माजलगावच्या धरणापर्यंत येतो.

कालव्याची गंमत अशी की पाणी आपसूक वाहावं एवढाच उतार त्याला असतो, डोळ्याला दिसतही नाही. म्हणून कालव्याच्या कडेची वाट सायकलीला सगळ्यात सोपी. इंग्लंडमध्ये जुन्या काळी कालव्यातल्या नावा घोडे ओढायचे. त्या घोड्यांच्या वाटांवर आज लोक सायकली चालवतात, कारण तेच, चढ नाही. आपल्याकडं कालव्यालगतची वाट पाटबंधारे खात्याची असते. तेव्हा जायच्या आधी चौकशी करावी. पाणी सोडलेलं असताना लेकरांना काठाशी जाऊ देऊ नये, काठ निसरडे असतात.

नुसती सपाट जमीन असून भागत नाही, हेही सांगितलं पाहिजे. नेदरलँड्स हा देश सायकलींचा म्हणून आज सगळे नाव घेतात. समुद्र मागं हटवून केलेली सपाट जमीन, बांधांवरचे रस्ते, बाजूला पाणथळ, पाखरं. पण दुसऱ्या महायुद्धानंतर तिथंही मोटारींनी रस्ते भरले. १९७१ सालात तीन हजारांवर माणसं रस्त्यावर मेली, त्यात चारशेच्या वर लेकरं होती. तेव्हा आया रस्त्यावर उतरल्या. लेकरांचे जीव घेणं थांबवा अशी चळवळच उभी राहिली, आणि त्यानंतर सायकलींसाठी वेगळे मार्ग झाले. आपल्या नगर-जामखेड रस्त्यावर ऊसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, अशी गत असते. म्हणून आम्ही गटांना सांगतो की मोठा रस्ता धरायचाच नाही. शिववाटेनं, गाडीवाटेनं जायचं. आणि ग्रामसभेत ट्रॉलीच्या मागं लाल पट्टी लावायचा विषय काढायचा.

राजस्थानात भरतपूरला पाणथळ जागेचं केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे. राजाच्या काळात ते शिकारीचं रान होतं. १९३८ साली एका दिवसात तिथं ४,२७३ पाखरं मारली गेली. आता तिथं सायकल भाड्यानं घेऊन फिरतात नाहीतर सायकलरिक्षात बसून. हे रिक्षावाले शेकडो पाखरांची नावं सांगतात, त्यावर त्यांची घरं चालतात. आपल्या राज्यात नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर २०२० साली महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा म्हणून जाहीर झालं, तिथंही गावातली मुलं पाखरं दाखवायचं काम करतात. आमच्या गटात लगेच चर्चा निघाली, की आपणही चुलीवरचं जेवण द्यायचं, पाहुणे आणायचे. होईल तेव्हा होईल. पण प्रत्येक गोष्ट धंद्यापाशीच का न्यायची, असंही काही जणींनी म्हटलं, आणि आम्हाला ते पटलं.

हाच वाद कर्जाच्या वेळी झाला. एका गटात एका ताईंनी जुन्या सायकलीसाठी अंतर्गत कर्ज मागितलं. वहीत कारण लिहायचं तर त्या म्हणाल्या, फिरायला. बैठक दीड तास लांबली. कुणी म्हटलं, बाजाराला जायला असं लिहा. कुणी म्हटलं, यातून उत्पन्न काय? तर दुसरीनं विचारलं, लग्नाच्या कर्जातून काय उत्पन्न येतं, ते तर आपण न विचारता देतो. तिसरीचं म्हणणं, फेड वेळेवर होणार असेल तर कारण कुणाला पाहिजे. शेवटी त्यांची मागची परतफेड बघितली, एक हप्ता चुकलेला नव्हता, कर्ज मंजूर झालं. कारणाच्या रकान्यात 'सायकल, स्वतःसाठी' असं लिहिलं आणि सगळ्यांनी सह्या केल्या.

त्या गटात आता चौघींकडं सायकली आहेत. घ्यायची असेल त्यांनी दोन गोष्टी बघाव्या. सीट एवढंच उंच ठेवा की बसल्यावर दोन्ही पायांची बोटं जमिनीला टेकतील, आणि साखळीला पूर्ण कव्हर असू द्या, म्हणजे साडी अडकत नाही. पंक्चर काढायला आम्ही पुढच्या महिन्यात शिकणार आहोत. तोवर जवळ पंप ठेवावा आणि तलावाकाठच्या बाभळींपासून चाक जपावं.